ट्यूनिंग बॉक्स घेण्यापूर्वी

गोंदिया जिल्ह्यातील आमगाव हे धानाच्या पट्ट्यातील तालुक्याचे गाव मुंबई-हावडा लोहमार्गावर वसले आहे, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन्ही राज्यांच्या सीमा तेथून जवळ आहेत, आणि देवरीला जाऊन राष्ट्रीय महामार्ग ५३ धरला की साकोली, भंडारा करीत नागपूर गाठता येते. या रस्त्यांवर धावणाऱ्या अलीकडच्या बोलेरो, स्कॉर्पिओ, डिझेलवरच्या स्विफ्ट व अर्टिगा, नेक्सॉन या गाड्या एकमेकींपासून कितीही वेगळ्या असल्या, तरी त्या सर्वांच्या बॉनेटखाली टर्बोचार्जर असतो, आणि टर्बोचार्जर असलेल्या गाडीच्या मालकाला आज ना उद्या एक जाहिरात गाठतेच: एक छोटी डबी इंजिनाच्या वायरिंगमध्ये जोडायची, ताकद वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढणार आणि वर ॲव्हरेजही सुधारणार. या डबीला तांत्रिक भाषेत पिगीबॅक संगणक म्हणतात, तर बाजारात ती ट्यूनिंग बॉक्स या नावाने विकली जाते. ती निवडताना ग्राहक बहुधा जाहिरातीतील अश्वशक्तीचा आकडा पाहतो. वास्तविक पाहायला हवे ते हे, की ती डबी इंजिनाच्या मूळ संगणकाला नेमकी कोणती खोटी माहिती पुरवते आणि त्यामुळे त्या संगणकाला काय दिसेनासे होते.

टर्बोचार्जरची कल्पना जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या झोताने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची, आणि हवा अधिक आली म्हणजे इंधनही अधिक जाळायचे, एवढेच त्याचे तत्त्व आहे. या दाबलेल्या हवेच्या जादा दाबाला बूस्ट म्हणतात. बूस्ट किती ठेवायचा, इंधन किती व कोणत्या क्षणी सोडायचे, पेट्रोल इंजिनात ठिणगी केव्हा पाडायची, हे सर्व निर्णय ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रण संगणक, सेकंदाला अनेक वेळा घेतो. त्याच्या स्मृतीत तक्ते साठवलेले असतात. सेन्सरांकडून आलेले दाबाचे, तापमानाचे व फेऱ्यांचे आकडे त्या तक्त्यांत शोधून तो हुकूम सोडतो. कारखान्यात हे तक्ते भरताना अभियंते मुद्दाम काही राखीव जागा सोडतात, कारण तीच गाडी लडाखमध्येही चालायची असते आणि विदर्भाच्या मे महिन्यातही, तिच्यात भरले जाणारे इंधन सर्वत्र सारख्या प्रतीचे नसते, तिचा एअर फिल्टर वेळेवर बदलला जाईल याची खात्री नसते, आणि लाखभर किलोमीटरनंतरही तिचा धूर नियमांत बसावा लागतो. ट्यूनिंगचा सगळा व्यवसाय या राखीव जागेवर चालतो.

ही जागा किती असते याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. पुण्याजवळ रांजणगाव येथील फियाटच्या कारखान्यात बनलेल्या लिनिया टी-जेट या गाडीतील १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन ११४ अश्वशक्ती व २०७ न्यूटन मीटर टॉर्क देत असे, टॉर्क म्हणजे चाकाकडे जाणारा पीळ. याच इंजिनाची २०१५ मध्ये आलेल्या अबार्थ पुंटोमधील आवृत्ती १४५ अश्वशक्ती देत होती. आकड्यांकडे बारकाईने पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. अश्वशक्ती ३१ ने वाढली, पण कमाल टॉर्क मात्र २१२ न्यूटन मीटर, म्हणजे अवघा पाचने अधिक होता. कारखान्यातील अभियंत्यांनी टॉर्कचे शिखर जवळजवळ तसेच ठेवून तो वरच्या फेऱ्यांपर्यंत टिकवून धरला, कारण क्लच आणि गिअरबॉक्स यांना झेपायचे असते ते शिखर. बाजारातील बहुतेक डब्या याच्या नेमके उलट करतात. पॅडल दाबताच पाठीला धक्का बसावा म्हणून त्या मधल्या फेऱ्यांतच टॉर्कचा डोंगर उभा करतात, ग्राहक खूश होतो आणि क्लचप्लेटचे आयुष्य घटते. फियाटच्याच १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनाची गोष्ट वेगळ्या अंगाने बोधक आहे. स्विफ्टमध्ये ते ७५ अश्वशक्तीचे होते आणि अर्टिगात ९० अश्वशक्तीचे, परंतु हा फरक केवळ तक्ते बदलून आलेला नव्हता. दुसऱ्या आवृत्तीत फिरत्या पात्यांचा, म्हणजे वायूच्या झोताची वाट गरजेप्रमाणे अरुंद-रुंद करणारा, टर्बोचार्जर होता. ७५ च्या स्विफ्टला डबी लावून ९० ची अर्टिगा करू पाहणाऱ्याने हा सुटा भाग आपल्याकडे नाही हे विसरू नये.

इंजिनाचे वर्तन बदलण्याचे तीन मार्ग आहेत. मूळ ईसीयूतील तक्ते पुसून नवे लिहिणे याला रीमॅप म्हणतात. ईसीयू काढून त्याच्या जागी संपूर्ण नवा संगणक बसवणे हा शर्यतीच्या गाड्यांचा मार्ग आहे, आणि एअरबॅग, एबीएस, मीटर या सगळ्यांशी बोलणाऱ्या आजच्या घरगुती गाडीसाठी त्याचा विचारही करण्याचे कारण नाही. तिसरा मार्ग पिगीबॅकचा: मूळ संगणक व त्याचे तक्ते जसेच्या तसे राहतात, सेन्सर आणि संगणक यांच्यामध्ये डबी बसते, आणि सेन्सरने सांगितलेला आकडा बदलून ती पुढे पाठवते. जपानी व दक्षिण आफ्रिकी कंपन्यांनी हे तंत्र पेट्रोल गाड्यांसाठी रुजवले, जर्मन कंपन्यांनी ते डिझेलसाठी घरोघरी नेले, आणि भारतातही बेंगळुरूची रेस डायनॅमिक्स व केरळातील पीट्स यांच्यासारख्या व्यावसायिकांनी आपल्याकडच्या गाड्यांसाठी अशा डब्या तयार केल्या.

डिझेल गाडीत ही लबाडी कशी चालते ते एका कपलरपाशी, म्हणजे वायरी जोडणाऱ्या खटक्यापाशी, थांबून पाहण्याजोगे आहे. कॉमन रेल पद्धतीत पंप डिझेल प्रचंड दाबाने एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठवतो आणि तेथून ते सर्व इंजेक्टरांना मिळते. ही पद्धत मोटारीत प्रथम १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ मध्ये आली आणि आज नाशिकच्या बॉश कारखान्यात तिचे इंजेक्टर व नोझल तयार होतात. रेलच्या टोकाला दाब मोजणारा सेन्सर असतो आणि त्याच्या कपलरला तीन वायरी असतात: एक पाच व्होल्टची, एक अर्थिंगची, एक संदेशाची. समजा, संदेश अर्धा व्होल्ट असेल तेव्हा दाब शून्य आणि साडेचार व्होल्ट असेल तेव्हा १८०० बार. प्रत्यक्ष दाब १४०० बार असताना संदेशाच्या वायरीत सुमारे ३.६ व्होल्ट असतात. डबीने त्यातून ०.२ व्होल्ट गाळले की ईसीयूला दाब १३१० बारच दिसतो, आणि त्याला हवा असलेला आकडा १३१० असेल तर तो समाधानाने गप्प बसतो, जरी रेलमध्ये ९० बार अधिक असले तरी. धान खरेदी केंद्रावरचा काटा कमी वजन दाखवत असेल तर शेतकरी मापात आणखी धान ओततो आणि त्याला आपण जास्त दिले हे कळतही नाही, तसाच हा प्रकार आहे.

परंतु या हिशेबाची दुसरी बाजू जाहिरातीत येत नाही. नोझलच्या छिद्रातून वाहणारे इंधन दाबाच्या प्रमाणात वाढत नाही, तर ढोबळमानाने दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. वरच्या उदाहरणातील ९० बारांनी इंधन वाढते ते जेमतेम साडेतीन टक्के. केवळ रेलचा दाब चढवून वीस टक्के जादा इंधन घालायचे ठरवले, तर दाब चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढवावा लागेल, म्हणजे १३१० चे जवळजवळ १९०० बार करावे लागतील, आणि ज्या इंजिनाची रेल व पंप १६०० बारांसाठी बनवले आहेत त्याच्याकडून ही अपेक्षा करणे म्हणजे पंपाचा आणि इंजेक्टरांचा बळी देणे होय. म्हणूनच फक्त रेल सेन्सरला जोडली जाणारी एककपलरी डबी वीस-पंचवीस टक्क्यांचा दावा करत असेल तर एकतर दावा खोटा असतो किंवा डबी धोकादायक असते. बरी डबी किमान दोन संदेश हाताळते: रेलचा आणि बूस्टचा. इंधनाबरोबर हवाही वाढवली तर जळण पूर्ण होते. नुसतेच इंधन वाढवले तर ते अर्धवट जळून काळ्या धुराच्या रूपाने मागच्या गाडीवर जाते आणि टर्बोच्या चक्रावर येणाऱ्या वायूचे तापमान चढते. डिझेलच्या टर्बोला साधारण साडेसातशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंतचा वायू सोसतो. त्यापलीकडे सतत राहिल्यास त्याची पाती आणि बेअरिंग यांचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि महामार्गावर चढाला भरलेली गाडी दामटताना हेच घडते.

ॲव्हरेज वाढल्याचा अनुभव अनेक मालक मनापासून सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात. खोटे बोलते ते त्यांच्या गाडीचे मीटर. डॅशबोर्डवरचा लिटरमागे किलोमीटरचा आकडा ईसीयू स्वतःच काढतो, तोही आपण किती इंधन सोडले या आपल्या समजुतीवरून. डबीमुळे प्रत्यक्ष इंधन जास्त जाते आणि ईसीयूच्या वहीत कमी लिहिले जाते, त्यामुळे मीटरवर ॲव्हरेज वाढलेले दिसणारच. याची शहानिशा करण्याची एकच रीत आहे, ती म्हणजे एकाच पंपावर टाकी फुल्ल करून काही शे किलोमीटरनंतर पुन्हा फुल्ल करणे आणि भागाकार हाताने करणे. हीच गत मोबाइलला जोडायच्या स्कॅनरची होते. ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गाडीच्या संगणकाशी बाहेरून जोडणी करण्याच्या खाचेत, स्कॅनर खोचून बूस्ट व रेलचा दाब पाहणारा माणूस ईसीयूला दिसणारे आकडे पाहत असतो, म्हणजे डबीने बदललेले. डबी लावलेल्या गाडीचा खरा बूस्ट पाहायचा असेल तर नळी जोडून बसवलेला स्वतंत्र गेज हवा.

पेट्रोल टर्बोमध्ये प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि डिझेलवर चाललेली युक्ती येथे तशीच उचलणे घातक ठरते. इनलेट मॅनिफोल्डमधील दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा संदेश डबीने कमी करून पाठवला की बूस्ट कमी पडतो आहे असे समजून ईसीयू वेस्टगेट, म्हणजे टर्बोला वळसा घालून वायू सोडून देणारी झडप, बंद ठेवतो आणि बूस्ट वाढतो. मात्र अनेक इंजिनांत तोच संदेश इंधनाचे माप ठरवायलाही वापरला जातो, तेव्हा हवा वाढली आणि इंधन मात्र कमी हवेच्या हिशेबाने आले, असे मिश्रण तयार होते. सायलेन्सरच्या वाटेवरील ऑक्सिजन सेन्सर ही चूक सामान्य वेगात सुधारून घेतो, आणि जुन्या पिढीच्या इंजिनांत नेमके पूर्ण पॅडल दाबल्यावर ईसीयू त्या सेन्सरकडे दुर्लक्ष करून तक्त्यावर चालतो, म्हणजे जेथे चूक सर्वांत महाग पडते तेथेच तिला कोणी हटकत नाही. ठिणगीचेही तसेच. हवा कमी आहे असे ईसीयूला वाटले की तो हलक्या भाराच्या रकान्यातील ठिणगीची वेळ निवडतो, आणि हलक्या भाराला ठिणगी लवकर पाडायची असते. प्रत्यक्षात सिलिंडर हवेने गच्च भरलेला असताना ठिणगी लवकर पडली तर मिश्रण मनमानी पेटते, इंजिनातून खडखड ऐकू येते, मेकॅनिक ज्याला नॉकिंग म्हणतात ते हेच, आणि ते टिकले तर पिस्टनला भोक पडते. नॉक सेन्सर ही खडखड ऐकून ठिणगी मागे घेतो खरा, पण तो शेवटचा पहारेकरी आहे. त्याच्या भरवशावर रोज गाडी चालवणे शहाणपणाचे नाही. लिनिया टी-जेटसारख्या गाडीला डबी घ्यायचीच झाली तर बूस्ट, इंधन व ठिणगी या तिन्हींवर स्वतंत्र हुकमत असलेली घ्यावी, आणि चाकणच्या पोलो जीटी टीएसआयसारख्या थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या इंजिनांना तर पंधराशे-सोळाशे फेऱ्यांवर टॉर्क लादणाऱ्या डबीपासून दूरच ठेवावे, कारण अशा इंजिनांत मंद फेऱ्यांवर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा एक वेगळा आणि अधिक विध्वंसक प्रकार संभवतो.

स्वयंचलित गिअरबॉक्स असेल तर आणखी एका संगणकाचा विचार करावा लागतो. पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे आणि इंजिन १७५ देते, तेव्हा कागदावर भरपूर जागा दिसते. परंतु क्लच किती घट्ट आवळायचा हे गिअरबॉक्सचा संगणक ठरवतो, आणि तो ठरवतो ते ईसीयूने कळवलेल्या टॉर्कवरून. ईसीयूलाच कमी टॉर्क दिसत असल्यामुळे तो गिअरबॉक्सला कमी आकडा कळवतो, क्लच सैल आवळला जातो, जादा टॉर्कखाली तो सरकतो आणि जळतो. रीमॅपमध्ये ही अडचण येत नाही, कारण तेथे ईसीयूला सर्व आकडे खरे दिसत असतात. तांत्रिक प्रामाणिकपणाचाच निकष लावला तर चांगल्या हाताने केलेला रीमॅप डबीपेक्षा सरस आहे, याबद्दल शंका नसावी. डबीच्या बाजूने बोलणारी खरी गोष्ट एकच आहे, की ती काढता येते.

आमगावसारख्या ठिकाणी ही एक गोष्ट क्षुल्लक नाही. रोलरवर गाडी चढवून चाकांची ताकद मोजणारे यंत्र, म्हणजे डायनो, आणि ते वाचू शकणारा माणूस येथून फार दूर; रीमॅप बिघडला तर गाडी ट्रकवर घालून न्यावी लागेल, तर डबी बिघडली की दोन कपलर सोडवून मूळ वायर जोडली आणि गाडी चालू झाली. मात्र ही सोय खरोखर असावी. काही डब्या कारखान्याच्या कपलरला हुबेहूब जुळणाऱ्या कपलरांसह येतात आणि सोबत एक बायपास प्लग देतात, जो डबीच्या जागी लावला की सर्किट पूर्ववत होते. काही मात्र वायर सोलून, तोडून, टेप गुंडाळून जोडाव्या लागतात. दुसऱ्या प्रकारची डबी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. धानाची कोठारे असलेल्या गावात उंदीर वायरिंगवर कसे तुटून पडतात हे येथील मेकॅनिकांना सांगावे लागत नाही, त्यात पावसाळ्याचे चार महिने, आणि टेप लावलेला जोड हिरवा पडला की मधूनच चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडी लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कापून मरगळल्यासारखी चालते, आणि दोष शोधण्यात डबीच्या किमतीइतके पैसे जातात.

येथील उन्हाचा हिशेब तर कोणत्याही परदेशी माहितीपत्रकात सापडत नाही. मे महिन्यात या भागात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. ४५ अंशांची हवा बाहेरच्या दाबाच्या दुप्पट दाबली आणि टर्बोच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर ती साधारण १४५ अंशांपर्यंत तापते. तीच हवा युरोपातल्या १५ अंशांच्या दिवशी दाबली तर १०५ अंशांवर थांबते. पुढे इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर, ही उष्णता काढतो, पण तो ती टाकणार कोठे, तर बाहेरच्या ४५ अंशांच्या हवेतच. शिवाय मुळात ४५ अंशांच्या हवेत १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के ऑक्सिजन कमी असतो. मूळ ईसीयूला हे सर्व ठाऊक असते, म्हणून आत येणाऱ्या हवेचे तापमान वाढले की तो बूस्ट उतरवतो, ठिणगी मागे घेतो, इंधन आवरतो. साधी डबी मात्र जानेवारीच्या पहाटे आणि मेच्या दुपारी तेवढेच ०.२ व्होल्ट गाळत राहते. तापमानाचा संदेश स्वतः वाचून इंजिन गरम होईपर्यंत गप्प बसणारी आणि हवा फार तापली की माघार घेणारी डबी महाग असते. विदर्भात तरी हा खर्च चैनीचा म्हणता येत नाही. आणि हवेच्या तापमानाच्या सेन्सरच्या वायरीत एकसर, म्हणजे सिरीजमध्ये, एक रेझिस्टर जोडून ईसीयूला हवा थंड असल्याचे भासवणारा, शे-दोनशे रुपयांना मिळणारा जो प्रकार आहे, तो तर येथे आत्मघातच, कारण उन्हापासून इंजिनाला वाचवणारा एकुलता एक संदेश तो दाबून टाकतो. ओबीडी सॉकेटमध्ये नुसती खोचायची आणि दिवे लुकलुकवणारी चिप मिळते ती त्या मानाने निरुपद्रवी. असल्या चिपा उघडून पाहणाऱ्यांना आत दिवे लुकलुकवण्यापलीकडे काही करणारे सर्किट आढळलेले नाही.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न यातूनच निघतात. डबी कोणते संदेश बदलते, याचे सरळ उत्तर न देता ‘सगळे आतल्या आत होते’ असे सांगणारा विक्रेता सोडून द्यावा. तिच्यातील मांडणी नेमक्या याच इंजिनाच्या याच वर्षाच्या आवृत्तीसाठी आहे का, ती कोणत्या हवामानात तपासली, वाढीची पातळी कमी-जास्त करता येते का, आणि डबीचा वीजपुरवठा तुटला तर मूळ संदेश तसाच पुढे जातो की गाडी जागीच बंद पडते, हेही विचारावे. पातळी बदलता येत असेल तर सर्वांत खालचीपासून सुरुवात करावी. बहुतेकांना तेवढ्यातच समाधान मिळते. जाहिरातीतला कमाल आकडा हा दुकानात टांगायचा आकडा असतो.

त्याआधी मात्र मूळ गाडी धड आहे का हे पाहणे अधिक फलदायी ठरते. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणे बंद केले, तेव्हा आज रस्त्यावर असलेली प्रत्येक मल्टिजेट स्विफ्ट किमान काही वर्षांची जुनी आहे. ‘पिकअप राहिला नाही’ या तक्रारीमागे फाटलेला इंटरकूलर पाइप, काजळीने तुंबलेली ईजीआर झडप, म्हणजे जळालेला थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणारी झडप, धुळीने गच्च झालेला एअर फिल्टर किंवा गळका इंजेक्टर असतो. इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्यांना छोट्या बाटल्या लावून इंजिन काही वेळ चालू ठेवायचे आणि कोणत्या बाटलीत डिझेल जास्त साठले ते पाहायचे, ही जुनी तपासणी कोणताही डिझेल मेकॅनिक करून देतो. एखादी बाटली इतरांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर झिजलेला समजावा आणि त्या गाडीला डबी लावण्याचा विचार सोडावा, कारण वाढीव दाब त्यालाच आधी निकामी करील.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या डिझेल गाड्यांत डीपीएफ हा धुरातील काजळी अडवणारा गाळक बसवलेला असतो. तो भरला की ईसीयू जादा इंधन सोडून त्याचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळून टाकतो. यासाठी गाडी बराच वेळ मोकळ्या रस्त्यावर चालावी लागते. गावातल्या गावात, बाजार ते स्टेशन ते शेत एवढीच फिरणारी गाडी हे साधू शकत नाही. डबीमुळे काजळी वाढते, आणि गाळकात किती काजळी साठली याचा ईसीयूचा अंदाज बऱ्याच अंशी इंधनाच्या हिशेबावर बेतलेला असल्याने तोही चुकतो. अशा गाडीला डबी न लावणे हेच या लेखातील विवेचनाला धरून होईल.

कायद्याची बाजू बहुतेक विक्रेते गाळतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांहून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अनुज्ञेय नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गाडीच्या प्रत्येक मॉडेलचा धूर पुण्याच्या एआरएआयसारख्या, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या, संस्थेत तपासून मगच ती विक्रीला येते, आणि ती तपासणी डबीविना झालेली असते. पीयूसी मिळते म्हणून सर्व आलबेल आहे असे समजण्यातही अर्थ नाही, कारण डिझेल गाडीची पीयूसी उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून घेतली जाते आणि डबीचा धूर दिसतो तो गाडी भाराखाली असताना. वॉरंटीतील गाडीचा टर्बो किंवा क्लच गेला आणि सर्व्हिस सेंटरला डबीची खूण सापडली तर दावा नाकारला जाण्याची शक्यता मोठी, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघाताच्या दाव्यात वादाचे कारण होऊ शकतो.

डबी काढता येते या गुणाचा तोटा सेकंडहँड गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला येतो. विकण्यापूर्वी मालक ती काढून ठेवतो आणि गाडी कागदोपत्री निर्मळ होते. अशा वेळी रेल सेन्सरचा व मॅप सेन्सरचा कपलर हातात घेऊन पाहावा: वर्षानुवर्षे न उघडलेल्या कपलरवर धुळीचा सलग थर असतो, तर वारंवार काढलेल्या कपलरची कडी सैल झालेली व कडा घासलेल्या असतात. बॅटरीजवळ किंवा फायरवॉलवर रिकामी डबल टेप, कारखान्याच्या जोडणीत न बसणारा प्लॅस्टिक टाय, सोलून पुन्हा टेप लावलेली वायर, यांपैकी काही दिसले तर सरळ विचारावे. चाचणीच्या वेळी मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये मंद वेगावरून पॅडल पूर्ण दाबावे. फेऱ्यांचा काटा चढला आणि गाडी त्या प्रमाणात पुढे सरकली नाही तर क्लच सरकतो आहे, आणि त्या क्लचप्लेटचा व प्रेशर प्लेटचा खर्च गाडीच्या ठरवलेल्या किमतीतून वळता करून घ्यावा.